रिकामा वर आलेला दोर

छापून आलेल्या गोष्टीत एकूण नऊ खुणा होत्या. दौलतसिंगने त्या तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करून मोजल्या. शुक्रवारचा दिवस, एक. भाकर मोडून सोबत्यांना वाटली, दोन. पेवाच्या तोंडाशी बारा माणसे, तीन. पाटलाने हात धुतले, चार. बाभळीच्या काट्याने कपाळ ओरबाडले, पाच. 'पाणी' मागितले, सहा. मित्राने मिठी मारून दगा दिला, सात. जमिनीच्या पोटात उतरला, आठ. तिसऱ्या दिवशी वर आला, नऊ.

गोष्ट पाच पानांची. म्हणजे पानाला एक पूर्णांक आठ दशांश खुणा. हा हिशेब कोणी मागितला नव्हता. पण मोजल्याशिवाय दौलतसिंगला चैन पडत नसे, आणि आज तर मोजूनही पडत नव्हते. तो खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पेन्सिलीला नसलेले टोक काढत बसला.

साल एकोणीसशे अडतीस, वैशाख. नागपूरहून बी. एस्सी. होऊन वाशीमच्या मिशनच्या शाळेत लागल्याला त्याला वर्षही झाले नव्हते. वय एकवीस. विज्ञान शिकवी, आणि उरलेल्या वेळात हेडमास्तरांचे ऐकत बसे. हेडमास्तर नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती, साहित्याचे वेडे. त्यांचे एक म्हणणे होते: जगातल्या कुठल्याही थोर गोष्टीत येशू वेश पालटून येतोच, कधी शेतकऱ्याच्या, कधी वेड्याच्या, कधी चोराच्याही. वाचणाऱ्याला ओळखता आला पाहिजे. कसा ओळखायचा? खुणांवरून. निरपराध माणूस, सोबत्यांबरोबरचे शेवटचे जेवण, जवळच्याचा दगा, दुसऱ्यासाठी दिलेला जीव. पान, फूल, फळ बघून वनस्पतीचे कूळ ठरवतात तसे हे काम दौलतसिंगला वाटले, आणि म्हणूनच पटले.

एके दिवशी त्याने हेडमास्तरांना बापाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "लिहा. आपल्या मासिकाच्या ईस्टरच्या अंकाला द्या. तुमचे वडील नुसते मेले नाहीत, दौलतसिंग."

हे वाक्य त्याला हवे होते. चार वर्षांचा असल्यापासून हवे होते.

गोष्ट अशी. एकवीस सालच्या ज्येष्ठात आसेगावच्या बबनराव पाटलांनी ज्वारीचे मोठे पेव उघडले. पेव म्हणजे जमिनीत खणलेले कोठार; तोंड एका माणसापुरते, पोट खोलीएवढे. बंद धान्य आत श्वास घेत राहते आणि तळाशी जड वायू साचतो. म्हणून उघडल्यावर दोन दिवस तसेच ठेवतात. पण ते वर्ष टंचाईचे, बियाण्याची घाई; दुसऱ्या दिवसाची वाट कोणी पाहिली नाही. दोन मजूर उतरले आणि आतच कोसळले. धान्य वाहायला तांड्यावरून बैल घेऊन आलेला भाऊसिंग दोर बांधून उतरला. लखमा नावाच्या मजुराला त्याने वर दिला, स्वतः वर येऊन दम घेतला, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा उतरला. या वेळी दोर रिकामा वर आला. दोर धरला होता त्याच्या जिवलग जगदेवने.

भाऊसिंग हा दौलतसिंगचा बाप. पुढे मिशनने पोराला शाळेत घातले, आई गोमतीबाई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करू लागली, आणि दर ज्येष्ठात तिने ही गोष्ट त्याला सांगितली. दोन वर्षांमागे ती वारली.

नवापैकी सहा खुणा आईच्या तोंडच्या. दोन दौलतसिंगने नीट बसवल्या: आईच्या सांगण्यात 'आठनऊ माणसं' होती, त्याने बारा केली, प्रेत दुसऱ्या दिवशी निघाले होते, त्याने तिसऱ्या दिवशी काढले. राहिली सातवी. आई सांगे, जगदेवने मिठीत घेऊन दोर बांधला, पण गाठ ढिली बसली. तो स्वतः तिच्यासमोर येऊन, पायावर डोके ठेवून तसे म्हणाला होता. आईच्या सांगण्यात ती चूक होती. गोष्टीत तो दगा झाला. दोन ओळींचे काम. हेडमास्तरांनी त्याच दोन ओळींपाशी समासात 'वा!' लिहिले होते.

येत्या शनिवारी वरच्या वर्गापुढे त्याला या खुणांवर बोलायचे होते. मोजणी त्यासाठी चालली होती. तेवढ्यात शिपाई दारात आला.

"मास्तर, एक म्हातारी आली. नाव सांगून नाही राह्यली. मनते, मास्तरच्याच तोंडावर सांगीन."

म्हातारी उंच होती, उन्हाने काळवंडलेली, हातात काठी. ती आत आली आणि दौलतसिंगकडे, बाजारात बैल बघावा तशी, खालून वर बघत राहिली.

"भाऊसिंगचाच हायेस. कान त्याचेच हायेत."

"हो. आपण?"

"मी चतुराबाई. आसेगावची. जगदेवची बायको." त्याच्या हातातली पेन्सिल तिथेच थांबलेली पाहून ती म्हणाली, "बस मन ना, बापा. दगाबाजाची बायको म्हून उभीच ठिवतं का?"

त्याने घाईने खुर्ची सरकवली. ती खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खालीच बसली.

"शेलूबाजारात तुमच्या मिशनचा मानूस येते पेटी घेऊन. गानं म्हनते, मंग वाचून दाखवते. या खेपेले आसेगावचं नाव घेतलं म्हून सारा बाजार गोया झाला. म्या आयकलं. माह्या रामकिसननं आयकलं. मिरच्या तोलून राह्यलता थो. तागडी तशीच हातात धरून आयकलं त्यानं की त्याच्या बापानं दोस्ताले मिठी मारून मारलं."

"मावशी, ती गोष्ट आहे..."

"गोष्ट हाय तं नावं कायले खरी घातली?"

नावे खरी घातली कारण दौलतसिंगला खोटे लिहायचे नव्हते.

"माहा रामकिसन दोर धरते," चतुराबाई म्हणाली. "पेव उघडाचं असो, हीर उपसाची असो, पाच गावात त्यालेच बलावतात. जो दोर बांधते त्यानंच धराचा, दुसऱ्यानं गाठीले हात लावाचा नाही, अशी रीत हाय आमच्याकडे. उतरनाऱ्याचा जीव त्याच्या मुठीत. बाजार झाला अन् आठ दिवसात तीन घरांनं सांगून धाडलं, रामकिसन, औंदा तू नको येऊ. काम गेलं त्याचं काही नाही. वावर हाय, खाऊ. पन काल त्याची लेक हिरीवर गेली तं बाया हासल्या. मन्ल्या, हिच्या हाती बकेटीचा दोर देऊ नोका वो."

दौलतसिंग उठून उभा राहिला, पुन्हा बसला. "पण जगदेवकाका स्वतः माझ्या आईला म्हणाले होते. गाठ माझ्याकडून ढिली बसली. आईनं मला शंभरदा सांगितलं आहे."

"मन्ले होते. मी संगंच होती. खोटं मन्ले होते."

"खोटं? कशाला?"

चतुराबाईने काठी मांडीवर आडवी घेतली. "दोर ढिला पडला ना, त्याच्यानंतर एक डाव आतून 'हो' आला. उतरनारा मानूस घडीघडी 'हो' मनते. 'हो' थांबला की वढाचं. दोर ढिला अन् 'हो' आला, मंजे मानूस शुद्धीत होता. त्यानं सोताच गाठ सोडली. दुसरा गडी आतल्या खोलीत पडलता, दोर तथपावतर पुरत नव्हता. जगदेव वरून वरडला, 'भाऊसिंग, दोर सोडू नोको!' मंग 'हो' आलाच नाही. वढला, तं रिकामा."

"मग तसंच का नाही सांगितलं?"

"कोनाले सांगाचं? तुह्या मायले? एकवीस-बावीस वर्साची पोरगी, कडेवर तू. तिले मनाचं, बाई, तुह्या नवऱ्यानं तुमचा इचार नाही केला, सोताहून दोर सोडला? जगदेव मन्ले, जल्मभर ती मेलेल्या नवऱ्यावर रागावन. त्यापरीस माह्यावर रागावू दे. मले मायच्यान सांगतलं, गोमती जिती हाय तवर तोंड उघडाचं नाही. नाही उघडलं. त्या दिसापासून मरेपावतर जगदेवनं दोर हाती घेतला नाही. रामकिसनले त्याच्या मामानं शिकवलं."

बाहेर मुलांचा गलका चालला होता. दौलतसिंगला एकाएकी त्या म्हातारीचा राग आला. सतरा वर्षे त्याच्याकडे एक सरळ गोष्ट होती: बापाला कोणीतरी सोडले. आता ही सांगत होती की बापानेच सोडले. घरी चार वर्षांचे पोर असताना सोडले.

"आणि ती मिठी?" तो जरा ओरडूनच म्हणाला. "मिठी तर मारली ना?"

चतुराबाई हसली. तिला वरचे दोन दात नव्हते. "अरे बापा, उभ्या मानसाच्या कमरंले दोर बांधाचा मंजे मिठी माराच लागते. हात मागून कसा आनशीन? कवा बांधला हाय का कोनाले? पुस्तकातच बांधला."

"तुमचं खरं कशावरून मानायचं?" त्याने विचारले. प्रश्न उद्धट होता, पण प्रयोगशाळेत त्याला हाच प्रश्न शिकवला होता.

"नोको मानू," ती उठत म्हणाली. "पेव तथीच हाय. त्या दिसापासून कोनी भरलं नाही. दोर पाटलाच्या माळ्यावर हाय. मेलेल्या मानसाचा दोर वापरत नाहीत अन् फेकतही नाहीत. लखमाही जिता हाय. चाल अन् पाय. मले तुह्याकून काही नको. खरं निघालं तं शेलूबाजारात, जथी वाचलं तथीच उभं राहून, जगदेवनं दगा नाही केला एवढं वाच. खोटं निघालं तं मी तोंड दाखवनार नाही."

ती गेल्यावर तो हेडमास्तरांकडे गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वाईट झाले. नावे बदलायला हवी होती, ती चूक माझीही. पण दौलतसिंग, गोष्ट म्हणजे पंचनामा नव्हे. ज्या गोष्टीत ख्रिस्त आहे तिथे यहूदा असतोच. सावली पुसून टाकली तर माणूस सपाट दिसतो."

"सर, ती सावली जगदेवच्या नातीच्या अंगावर पडते आहे. विहिरीवर."

हेडमास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि समजा बाई खोटे बोलत असली?"

"म्हणूनच मोजायला जातो." त्याने वही उघडून पुढे धरली. त्यात तो आधीच आकृती काढून बसला होता. "प्रेत सापडले ती जागा लखमाला ठाऊक असणार. ओढताना गाठ सुटली असेल, तर वडील पेवाच्या तोंडाखाली किंवा दोराच्या टप्प्यात पडलेले असणार. बेशुद्ध माणूस चालत नाही. जागा टप्प्याबाहेर असेल, तर तिथवर ते दोराशिवाय गेले."

"वाटेतच गाठ आपोआप सुटली असेल तर?"

"तर सुटल्यावरही ते मागे फिरले नाहीत. पुढची पावले त्यांचीच."

हेडमास्तरांनी वही परत दिली. "तुम्हाला काय निघायला हवे आहे?"

दौलतसिंगने वही मिटली. ते त्याला मोजता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अर्धी वाट मोटारीने आणि उरलेली पायी करून तो आसेगावला पोचला. पिशवीत पोलादी टेप, मेणबत्त्या, कंदील, चुन्याच्या निवळीची बाटली, वही. बबनराव पाटील सत्तरीला आले होते. ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. चतुराबाई आधीच तिथे होती, आणि तिच्या बाजूला तिशीचा, रुंद मनगटांचा माणूस खाली मान घालून उभा होता. तो रामकिसन.

"या, या, लेखक!" पाटील म्हणाले. "मले बी घातलं म्हने तुमी गोष्टीत. म्या हात धुतले म्हने."

"धुतले नव्हते?"

"धुतले ना! आंबा खाल्लता. हात धुवू नाही तं चाटत बसू का? त्याच्यात एवढं छापासारखं काय व्हतं?"

रामकिसनसुद्धा हसला. दौलतसिंगने विचारले, "माणसं किती होती तोंडाशी?"

पाटलांनी बोटांवर मोजले. "मी, जगदेव, भाऊसिंग, आतले दोघं, माहे दोन गडी, तांड्यावरचा धरमसिंग. आठ. आन चतुराबाई पानी घेऊन आलती. नऊ."

दौलतसिंगने वहीत नऊ लिहिले.

माळ्यावरून दोर काढला. अंबाडीचा, धुळीने करडा झालेला, पण सुटसुटीत गुंडाळलेला. प्रत्येक पेवाचा दोर वेगळा आणि मुद्दाम बेताचा ठेवतात, रामकिसनने सांगितले. लांब दोराला झोल पडतो, आणि झोल पडला की वरच्याला खालचा कळत नाही. दौलतसिंगने दोर अंगणात ताणला, दोन टोकांना दोघे ओढायला लावले आणि टेप लावला. अठरा फूट चार इंच. सतरा वर्षांत आखडला असेल म्हणून त्याने वर सहा इंच सूट धरली. रामकिसनने पाटलांच्या गड्याच्या कमरेला दोर बांधून दाखवला: दोन वेढे आणि गाठ, पाच फूट गेले. धरणाऱ्याच्या मुठीतला वेढा, एक फूट. उरले बारा फूट दहा इंच.

पेव गावाबाहेरच्या पांढरीत, जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावर होते. तोंडावरची फरशी काढायला चौघे लागले. आतून गार, आंबूस वास आला. टोपलीत मेणबत्ती ठेवून दौलतसिंगने ती सुतळीने खाली सोडली. सात फुटांवर ज्योत आखडली. नऊ फुटांवर विझली. त्याने दुसरी लावून पुन्हा सोडली. नऊ फुटांवर विझली. निवळीची बाटली खाली सोडून, हलवून वर घेतली, तर निवळी दुधासारखी झालेली, म्हणजे जड वायू होताच.

"रिकामं असूनही?" पाटील म्हणाले.

"ओल आहे, कुजलेलं आहे, हवा हलत नाही." त्याचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला. त्या नऊ फुटांच्या रेषेखाली बाप दोनदा गेला होता. दुसऱ्यांदा, काय आहे ते कळल्यावर गेला होता.

दुपारभर त्यांनी कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून आत वरखाली हापसला. पेव उघडे ठेवले. दौलतसिंग त्या रात्री पाटलांच्या ओट्यावर होता; सकाळी त्याने मोजले तर अंगणात येरझाऱ्यांची वाट पडली होती, अकरा पावलांची. उजाडताच मेणबत्ती पुन्हा सोडली. ती तळाला टेकली आणि जळत राहिली. घड्याळ लावून वीस मिनिटे. निवळी स्वच्छ आली.

तोपर्यंत पंधरावीस माणसे जमली होती. त्यांत ती तीन घरेही असावीत; रामकिसन कोणाकडे बघत नव्हता. लखमाही आला होता, पांढऱ्या मिशांचा, एका डोळ्याने अधू. दौलतसिंगला त्याने हात जोडले, मग त्याचे हातच धरून ठेवले.

"तुहा बाप गेला तथी म्या दुसऱ्या दिशी उतरून दगड ठिवला," तो म्हणाला. "शेंदूर लावला. दोघं एकाखाली एक व्हते. तुह्या बापानं त्या गड्याचं धोतर मुठीत धरलतं. सोडवता आलं नाही, कापा लागलं. दगड अजून तथीच असन."

"मावशीनं सांगितलेलं तुम्हाला माहीत होतं?"

"मी बेसुद, बापा. मले वर काहाडला एवढंच माह्यत. मंग जगदेव सोता मने, गाठ माही. मानूस सोता मन्ल्यावर कोन इचारते?"

"आता उतरते कोन?" गर्दीतून एकाने विचारले.

"अन् दोर कोन धरते?" दुसरा म्हणाला, आणि कोणीतरी खुसखुसले.

रामकिसन आपला नवा, लांब दोर घेऊन पुढे आला. "मी धरतो," तो म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. मग दौलतसिंगकडे वळून, हळू, "मास्तर, तुमाले नसन पायजे तं सांगा. लोकायच्या समोर नोका सांगू, डोयानं सांगा. मी बाजूले होतो."

दौलतसिंगने चष्मा काढून पाटलांच्या हाती दिला, मग टेप वाचायचा आहे हे आठवून परत घेतला. सदरा खोचला.

"उतरतो मी," तो म्हणाला. "दोर रामकिसनभाऊच बांधतील."

रामकिसन जवळ आला. त्याने दोन्ही हात दौलतसिंगच्या कमरेमागे नेले, छाती छातीला लागली, तंबाखूचा आणि घामाचा वास आला, आणि त्याचा गाल दौलतसिंगच्या कानाला घासला. मागे दोराचे टोक एका हातातून दुसऱ्या हातात गेले. एक वेढा. पुन्हा तसाच जवळ आला. दुसरा वेढा. सहा इंचांवरून त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. गाठ पोटावर बसली. रामकिसनने ती दोनदा झटका देऊन पाहिली.

"घडीघडी 'हो' मना," तो म्हणाला. "थांबले की वढतो. मंग तुमी किती बी शिव्या द्या."

"आणि तोल गेला तर?" दौलतसिंगने विचारले.

"तुमाले कळाच्या आंधी मले कळन."

चतुराबाई काठी धरून उभी होती. तिने पदर दातांत धरला.

उतरण्याआधी दौलतसिंगने वही उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले. पेवाची खोली आणि दोर, कमरेची उंची, लांबवलेला हात, आडव्या पडलेल्या माणसाची लांबी, सगळी सूट गाठच सुटली या बाजूने धरून, बांधलेला माणूस तोंडाच्या सरळ खालच्या जागेपासून फार तर दहा फुटांपर्यंत पोचू शकतो. दगड दहा फुटांच्या आत असेल तर गाठ सुटली असे म्हणायला जागा आहे, आणि मी लिहिले ते मी मागे घेणार नाही. दगड बाहेर असेल तर दोर वडिलांनी सोडला. मग शेलूबाजारात येत्या बाजारी मी स्वतः उभा राहीन आणि हा आकडा वाचीन.

"समजलं?" पाटलांनी गर्दीला विचारले. "धा फूट. आत की भाईर."

"समजलं," लोक म्हणाले.

तो कंदील घेऊन उतरला. भिंती शेणामातीने सारवलेल्या, अजून गुळगुळीत. "हो," तो म्हणाला. पाय तळाला लागले. जुना भुसा करकरला. "हो." तेरा फूट, टेपाने. उजवीकडे, छातीपर्यंत उंचीची एक कमान होती. तिच्यापलीकडे दुसरी खोली. त्याने तोंडाच्या बरोबर खाली ओळंबा सोडला, तिथे खिळा ठोकला आणि टेपाचे कडे त्यात अडकवले. "हो." वरून दोर हलकेच मोकळा होत होता, त्याच्या पावलांइतकाच, ना कमी ना जास्त.

कमानीखालून वाकून जाताना त्याला वाटले, इथे पोचल्यावर बापाला झटका बसला असेल. वरून दोर ताणला गेला असेल. आतल्या अंधारात दुसऱ्याचा पाय दिसत असेल, किंवा दिसतही नसेल. घशात जळजळ. मागे वळले तर तीनचार पावलांवर उजेड. आणि गाठ पोटावर, हाताशी.

त्याचा हात आपल्या पोटावरच्या गाठीकडे गेला. बोटांनी ती चाचपली. ती आपोआप सुटण्यासारखी नव्हती. सोडायची तर दोन्ही हात लागले असते.

"मास्तर!" वरून रामकिसनची आरोळी आली, आणि दोर ताणला गेला. "'हो' मना!"

"हो," तो म्हणाला. "हो, हो. दोर द्या."

दोर आला. कंदिलाच्या उजेडात, पलीकडच्या भिंतीलगत, दगड दिसला. शेंदूर काळा पडला होता, पण होता. शेजारी एक पणती, दगडाबरोबरच ठेवलेली असावी. तो गुडघ्यावर बसला. टेप सरळ आहे ना, कुठे अडकला नाही ना, हे त्याने कंदील मागे धरून पाहिले. मग दगडाच्या अलीकडच्या कडेला अंगठा लावला आणि आकडा वाचला. हात पुसले, टेप सोडला, खिळ्यापर्यंत परत जाऊन कडे पुन्हा अडकवले, आणि दुसऱ्यांदा मोजले.

"किती?" वरून पाटील ओरडले. "ए मास्तर, किती भरलं?"

त्याने तोंडाखाली येऊन वर पाहिले. गोल उजेडात आठदहा डोकी, आणि मधोमध रामकिसनच्या दोन मुठी. त्याने मोठ्याने, शब्द तोडून सांगितले:

"पहिल्यांदा सोळा फूट सात इंच. दुसऱ्यांदा सोळा फूट साडेसात."